वक्ता क्रमांक एक

पुणे, १४ फेब्रुवारी १९२९

लाडूदादा,

विठ्ठलशेटचं कार्ड काल आलं. ते त्यांनी तुझ्या सांगण्यावरून लिहिलं की आपल्या मनानं, हे कळायला मार्ग नाही. सहा ओळी आहेत. जंगलचे गार्ड डोंगराच्या वरच्या दांड्यावर गेले, तिथे कुमरीची राख आणि नाचणीचे खुंट सापडले. तुला कुळगीला नेऊन दोन दिवस बसवून ठेवलं, मग हमीवर सोडलं. नऊ एप्रिलला सुप्याच्या कचेरीत तारीख आहे. मागे एकदा तुला दंड झालेला, म्हणून या खेपेला तुरुंग, आणि घरही जंगलाच्या हद्दीतून उठवतील असं बोलतात. शेवटची ओळ अशी: 'लाडू म्हणतो केसरच्या वहीनं घात केला. तिनं पत्र घालू नये.'

तरी घालते आहे.

तुझं बोलणं उतरवून घेतलेली ती वही माझ्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली माझ्या गळ्यात आहे. कुंभारवाड्याहून निघाले त्या दिवसापासून मी ती कुणाच्या हातात दिलेली नाही. हे मी शपथेवर सांगू शकते, आणि मी शपथ हलकी घेत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? लहानपणी आपण दोघांनी गावकाराचा फणस उतरवला आणि संध्याकाळी मीच जाऊन त्याला सांगून आले. मार तुला बसला होता.

मग गार्डाला कळलं कसं?

वरच्या दांड्यावर कुणी पेरलं ते मी इथे लिहीत नाही. तुला घातलेलं पत्र तुला एकट्याला पोचत नाही. विठ्ठलशेट ते दुकानाच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचणार, आणि मीठ न्यायला आलेलं माणूस पुडी हातात धरून शेवटपर्यंत ऐकणार. म्हणून विठ्ठलशेट, हे तुम्हालाच विचारते, आणि दादाच्या देखत वाचा. हिरडा आणि शिकेकाई गोळा करायचा ठेका जंगल खातं तुम्हाला देतं. परशू गार्ड येता-जाता तुमच्याकडे पान खायला टेकतो. कुणाच्या घरी नाचणी किती, ते तुमच्या तराजूला ठाऊक. मी काही म्हणत नाही. विचारते.

दादा, हे सगळं तुला वाचून दाखवलं असेल तर उत्तराच्या पाकिटात शिकेकाईची एक शेंग घालायला सांग. शेंग आली नाही तर मी समजेन की शेटनी मधलं गाळलं.

आता लक्षात आलं की ही खूण वाचणाऱ्यालाही कळणार. असू दे. लिहिलेलं मी खोडत नाही.

केसर


पुणे, ३ मार्च १९२९

लाडूदादा,

पाकीट आलं. मी ते उलटं करून झटकलं, चिकटवलेल्या कडा सोडवून पाहिल्या. शेंग नव्हती.

विठ्ठलशेटनी मात्र दोन पानं लिहिली आहेत. लिहितात, 'ताई, तुमचं पत्र मी अक्षर न अक्षर वाचलं, माझ्यावरचं पण वाचलं. ओसरीवर सात माणसं होती. मला घाम फुटला. त्यातला लखू म्हणाला, शेट, दम घ्या, पाणी प्या, मग पुढचं वाचा. लाडूनं पोत्यातली एक शेंग उचलली, मुठीत धरून बसला, मग परत पोत्यात टाकली. म्हणाला, तिला खूण कशाला पायजे? ती शेंगंलाबी इच्यारंल, वय काय, गाव कंचं, आन लिवून घील. मी माझ्या हातानं एक शेंग घालू शकत होतो ताई. पण ती लाडूची झाली नसती.'

हे मी चार वेळा वाचलं. लबाड माणसानं शेंग घातली असती. शेंग आली नाही, म्हणून विठ्ठलशेटवरचा संशय मी काढून घेते. शेट, हे ओसरीवर वाचा. तेव्हाची सातही माणसं असली तर बरं.

पण मग कोण? दादा, मला झोप लागेना. मी एकेकाला समोर उभं केलं.

आधी सर. माझा प्रबंध ज्यांच्या हाताखाली चालला आहे ते. भाषाशास्त्राच्या एम. ए.ला आमच्यात मी एकटीच मुलगी आहे, आणि आपल्या रानातलं बोलणं लिहून आणायची कल्पना त्यांचीच. पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्यांना कुमरी म्हणजे काय तेच सांगावं लागलं होतं: उतारावरची झाडी तोडायची, वाळली की पेटवायची, राखेत नाचणी टाकायची, दोन वर्षांनी ती जागा सोडून द्यायची, बापजाद्यांपासून चालत आलेलं, आता सरकारला विचारल्याशिवाय केलं की गुन्हा. सर म्हणाले, 'वा, शब्द किती मिळतील यात!' मी घरी केलेली वहीची स्वच्छ प्रत त्यांच्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे जंगल खात्याचे एक मोठे साहेब जेवायला होते, हे मला त्यांच्या नोकराकडून कळलं. मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. सर वर्गावर असताना मी कपाट उघडून प्रत पाहिली. मी बांधलेली दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. उलटी बांधते मी, डावखुऱ्यासारखी, तशीच. सरांनी ती अजून उघडलेलीच नाही.

मग फुलावैनी. तिचा भाऊ नारायण कुळगीला लाकडं वाहायच्या कामावर आहे. तिला माझं येणं पहिल्यापासून रुचलं नव्हतं. मी हातातला आरसा पुढे करून 'तोंड उघड, आता परत म्हण' असं करत होते, जीभ दाताला लागते की टाळूला ते पाहायला, तेव्हा ती चुलीपाशी म्हणाली होती, 'अट्टावीस सालं आमच्या जिबा आमच्या तोंडात हायत, कुणाला दाखवाया लागल्या न्हाईत.' आणि तू हसून म्हणालास, 'बैल घेताना दात बघत्यात तशी बघती बघ ही. केसर, किती दात झाले गो माजे?' वैनी हसली नाही.

वैनी, तू ऐकत असशील. मी तुझ्यावर संशय घेतला. तो खरा की खोटा ते मला अजून माहीत नाही. पण घेतला हे लपवणार नाही.

केसर


पुणे, १९ मार्च १९२९

विठ्ठलशेट,

हे पत्र ओसरीवर वाचू नका. दादाला घेऊन नदीकडच्या वाटेवर जा, आणि वैनी येत असेल तर तिला बरोबर घ्या. हे वाचताना आवाज बारीक ठेवा.

लाडूदादा,

वैनीनं केलं नाही. सरांनी नाही, शेटनी नाही, नारायणनंही नाही.

मी पहिल्या पत्रात लिहिलं की वही मी कुणाच्या हातात दिली नाही. ते खरं आहे. मी ते फार जपून लिहिलं होतं, आणि आता वाटतं, का जपून लिहिलं हे मला तेव्हाच ठाऊक असलं पाहिजे. काल प्रबंधाची दुसरी यादी करायला बसले. त्या यादीत कुठलं वाक्य कुठल्या गावी पडताळून पाहिलं ते लिहायचं असतं. आमच्या अभ्यासाची ती रीत आहे. एका गावात ऐकलेलं दुसऱ्या गावात जाऊन वाचून दाखवायचं आणि विचारायचं, 'तुमच्यात असंच म्हणतात का? की वेगळं?' नाहीतर परीक्षक म्हणतात, एका माणसाची लकब तुम्ही साऱ्या मुलखाच्या नावावर घातली.

तुझी वाक्यं मी नंदिगड्ड्याला वाचली. मग पौषात कुळगीला वाचली. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'पडताळा: बायजा, वय सुमारे चाळीस, कुळगी.' पुढे मीच लिहिलं आहे, कारण मी सगळं लिहिते: 'नवरा परशू, जंगल गार्ड.'

तो दिवस मला आता धडधडीत आठवतो. बायजा नाचणी पाखडत होती. मी तुझं ते पेरणीचं वाक्य वाचलं, दांड्याच्या नावासकट. मी तुला म्हणाले होते, 'गेल्या साली काय काय केलंस ते सांग, मला झालेल्या गोष्टी पाहिजेत,' आणि तू दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतंस ते मला सांगितलंस. सांगताना विचारलंस, 'हे बी लिवतीस?' मी म्हणाले, 'परीक्षेसाठी आहे दादा, परीक्षेचे कागद कुणी वाचत नाही.' तू म्हणालास, 'मंग लीव.'

बायजा हसली. 'व्हय गो बाय, अशेंच म्हणतंव आमी. कोण म्हणालं हे?'

मी सांगितलं, 'माझा भाऊ.'

मला अभिमान वाटला होता दादा. इतक्या चांगल्या, भरल्या बोलण्याचा माणूस माझा भाऊ आहे याचा. ती म्हणाली, 'लाडू न्हवं? कुंभारवाड्याचा?' आणि मी वहीत बघून तिला तुझं वयही सांगितलं. चौतीस.

परशू आतल्या खोलीत होता की नाही, ते मला माहीत नाही. मी ते लिहून ठेवलेलं नाही.

फुलावैनी, तुझ्या पायावर डोकं ठेवते. नारायणच्याही.

केसर


पुणे, १ एप्रिल १९२९

लाडूदादा,

तुझ्याकडून काही नाही. शेट लिहितात, 'नदीवर वाचलं. लाडू उठून वर रानात गेला. वैनी म्हणाल्या, पायावर डोकं ठेवायला पुण्याहून हात पुरत्यात काय? ये म्हणावं हितं.'

वैनी, मी येते आहे. मला समन्स आलं आहे. वहीसकट सुप्याला हजर राहायचं.

शेटनी हळ्याळच्या वकिलांना विचारून कळवलं आहे ते असं. राख सापडली, पण तिथे माणूस सापडलं नाही. घरातली नाचणी खालच्या परवानगीच्या जमिनीतली असू शकते. दांडा आणि लाडू यांना जोडणारी एकच गोष्ट आहे, ते वाक्य. बायजा सांगणार की ते तिनं माझ्या तोंडून ऐकलं. मग मला विचारणार, हे तुमच्या भावाचं बोलणं का? मी हो म्हटलं की तू गेलास आणि घरही गेलं. मी म्हटलं की नाही, हे मीच रचलं, व्याकरणासाठी उदाहरण म्हणून, तर त्यांच्या हाती काही राहत नाही.

काल सरांकडे गेले. कपाट उघडल्याचं आधी सांगितलं. ते म्हणाले, 'आणि गाठ पुन्हा तशीच बांधलीत?' मी हो म्हटलं. मग सगळं सांगितलं.

सर वाईट माणूस नाहीत. ते खिडकीशी गेले आणि म्हणाले, 'प्रबंध वीस मेला द्यायचा आहे. त्यात तीन हजार वाक्यं आहेत आणि प्रत्येकापुढे तुम्ही लिहिलं आहे, अमक्यानं, अमक्या दिवशी, असं म्हटलं. त्यातलं एक तुम्ही रचलं असं शपथेवर सांगितलंत, तर उरलेली कोण खरी मानील? परीक्षक तर नाहीतच. मीसुद्धा कसा मानू?'

मी विचारलं, 'सुप्यातली साक्ष पुण्यात कोण आणणार?'

ते म्हणाले, 'कुणी नाही. पण प्रबंध छापला की पुण्यातून सुप्याला जाईल. तुमचा गार्ड तो पुढे करून म्हणेल, पाहा, इथे ही खरं म्हणते. तुम्हाला दोन्हीकडे एकच सांगावं लागेल, केसरबाई. कुठलं ते मी सांगणार नाही.'

वही जाळावी असंही मनात आलं. पण समन्समध्ये वही म्हटलं आहे, आणि नसलेली वही असलेल्या वहीपेक्षा जास्त बोलेल.

पंधरा वर्षांपूर्वी गावोगाव शिकणाऱ्या मुली शोधत फिरणाऱ्या शकुंतलाबाई मला बेळगावला शाळेत घालायला घेऊन गेल्या, तेव्हा गावकीत तू एकटा माझ्या बाजूनं बोललास. आपल्या घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. बाकीचे म्हणत होते, शिकलेली पोर उद्या कागद घेऊन आपल्याच दारात उभी राहील. तू म्हणालास, 'माजी भन हाय. कागद घीऊन यील तर माज्याच बाजूनं यील.'

मी काय करणार ते तुला कळवावं असं वाटतं. पण मला खरंच माहीत नाही. मी आयुष्यात शपथ घेऊन खोटं बोललेले नाही. ते जमतं की नाही, तेही माहीत नाही.

केसर


लोंढा स्टेशन, १० एप्रिल १९२९

विठ्ठलशेट,

या पत्रात जे आहे त्यानं मला तुरुंग होऊ शकतो. हे कुठे वाचायचं ते तुम्ही ठरवा. वाचून झाल्यावर ठेवायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा. मी खूण मागत नाही.

लाडूदादा,

काल तू माझ्यापासून चार हातांवर उभा होतास आणि मी काय बोलले ते तुला कळलं नाही. हाकिमांनी वही चाळली, मान वर करून विचारलं, 'तुम्ही एम. ए.च्या विद्यार्थिनी?' आणि पुढचं सगळं इंग्रजीत विचारलं. कुतूहल असावं त्यांना. मी इंग्रजीत उत्तरं दिली. तू माझ्या तोंडाकडे पाहत होतास. ते एकदा हसले, तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. मग त्यांनी लिहिलं, शिपायानं तुला सांगितलं, 'जा, सुटलास,' आणि तू इतका वेळ तिथंच उभा राहिलास की त्याला परत सांगावं लागलं.

बाहेर वडाखाली तू शेटना म्हणालास, मला ऐकू येईल असं, 'इच्यारा तिला. सायबाला काय दिऊन आली ती. फुकट कोण सोडत न्हाई.' शेटनी माझ्याकडे बघितलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण परशू गार्ड पलीकडेच चपलेतला खडा काढत उभा होता, आणि एवढा वेळ लागेल असा खडा नसतो. वैनीनं माझ्या हातात भाकरीचं गाठोडं दिलं आणि म्हणाली, 'ते गेलं पुडं. तू जा तुज्या गाडीला.' तू वळून पाहिलं नाहीस.

तेव्हा आता सांगते. आत काय झालं ते असं.

त्यांनी वहीतलं ते पान काढलं आणि विचारलं, इथे लिहिलं आहे, वक्ता क्रमांक एक, लाडू, वय चौतीस, कुंभारवाडा. हे वाक्य त्यानं म्हटलं?

मी म्हटलं, नाही. मी रचलं.

त्यांनी विचारलं, मग नाव कशाला?

मी म्हटलं, आमच्या अभ्यासात उदाहरणाला एखादं नाव जोडायची पद्धत आहे. दादा, अशी पद्धत नाही. अशी पद्धत असती तर आमचा अभ्यासच नसता.

त्यांनी वरचं वाचलं, खालचं वाचलं. तुझं बैल हरवल्याचं वाचलं, आजीला वाघ दिसल्याचं वाचलं. त्यांना ते आवडलेलं दिसलं. म्हणाले, हेही रचलेलं?

मला वाटलं होतं एक वाक्य द्यावं लागेल. त्याच वेळी कळलं की एक देऊन भागणार नाही. एकच खोटं सांगितलं तर ते का सांगितलं हे ते ओळखतील. मी म्हटलं, सगळंच. सबंध वही.

त्यावर ते हसले. तू ज्याला भ्यालास ते हसणं हेच. म्हणाले, तुमच्या सरांना ठाऊक आहे का? मी म्हटलं, नाही, आज कळवते. त्यांनी बायजाला पुढे बोलावलं आणि मराठीत विचारलं, तू लाडूच्या तोंडून काही ऐकलंस? ती म्हणाली, 'न्हाई सायब. ह्या बायनं वाचलं तेवडं ऐकलं.' हे तूही ऐकलंस. तिथे परशूचा खटला संपला.

लोंढ्याला आल्या आल्या सरांना पत्र टाकलं. प्रबंध देणार नाही एवढंच लिहिलं. त्यांना कारण माहीत आहे. शकुंतलाबाईंना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. बेळगावच्या मुलींच्या शाळेत जागा आहे म्हणतात, बी. ए.वर भागेल. तुला हे ऐकून वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. साहेबाला मी काय दिलं ते तू विचारलंस, म्हणून हिशेबानं सांगितलं. पैसा नाही, आणि तुझ्या मनात आलं असेल तसलं काही नाही. मी त्यांना सांगितलं की तू माझ्याशी बोललासच नाहीस. दोन महिने तुझ्या चुलीपाशी बसून मी जे लिहिलं त्यातलं काही तू म्हटलंच नाहीस.

अजून एक राहिलं. उठता उठता त्यांनी विचारलं, सहज, शाई वाळवत: 'मग तुमचे बंधू प्रत्यक्षात बोलतात तरी कसे?'

मी म्हटलं, 'माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही.'

काल शपथ घेतल्यावर मी जेवढं बोलले, त्यात एवढं एकच खरं होतं. दादा, ते तेवढं खोटं कर.

केसर